घराची दहा नाकं

मी घाटाखालची आहे. आमच्या घरात हे वाक्य माझ्या प्रत्येक चुकीचं कारण म्हणून वापरतात. भाजी खारट झाली, बस चुकली, दूध उतू गेलं, की कोणीतरी म्हणतं, "घाटाखालची हाये ना," आणि विषय संपतो. माझं माहेर जळगाव जामोदचं, सातपुड्याच्या पायथ्याचं. सासर घाटावर, बुलढाण्याजवळच्या एका गावात. जिल्हा एकच, पण बस राजूरचा घाट चढून वर आली की खिडकीतून येणारी हवा बदलते आणि माझा स्वभावही बदलतो. खाली मी बऱ्यापैकी गोड बाई आहे. वर मात्र दिवाळीपासून होळीपर्यंत माझ्याशी जपून बोलावं लागतं, कारण मला थंडी वाजत असते.

थंडी म्हणजे काही बर्फ पडत नाही, हे मला मान्य आहे. पुण्याकडचे पाहुणे तर "किती छान हवा आहे तुमच्याकडे" असं म्हणत शाल न घेता ओट्यावर बसतात. त्यांना दुसऱ्या दिवशी परत जायचं असतं. मला सकाळी उठून हौदातल्या पाण्यात हात घालायचा असतो. लग्न होऊन आले त्याच वर्षी मी आठवडी बाजारातून स्वतःसाठी माकडटोपी विकत आणली. डोक्यावर पदर आणि पदराखाली माकडटोपी, अशी सून गावाने त्याआधी पाहिली नव्हती. शेजारच्या बायका विरजण मागायचं निमित्त काढून मला बघून जायच्या. मी टोपी काढली नाही.

या थंडीला आमच्या घरात आतून फितूर असलेला एक माणूस होता, तो म्हणजे माझे सासरे. त्यांना मी मामाजी म्हणते. आमचं घर त्यांनी स्वतः उभं राहून बांधून घेतलेलं आहे. विटांच्या भिंती, वर टिनाचं छप्पर, आणि टिनांच्या खाली लाकडी फळ्यांचा माळा. फळ्यांमध्ये बोट जाईल एवढ्या फटी आहेत, त्यामुळे खाली स्वयंपाकघरात फोडणी दिली की वर माळ्यावर कोणी असेल तर तोही शिंकतो. पूर्वेच्या आणि पश्चिमेच्या भिंती वर जिथे निमुळत्या होतात, तिथे मामाजींनी दोन्हीकडे पाच-पाच भोकं ठेवली. मिस्त्री म्हणाला होता, सिमेंटच्या तयार जाळ्या बसवू. मामाजींनी ऐकलं नाही. त्यांनी कुंभाराकडून फुटलेल्या माठांचे दहा गळे आणले आणि तेच भिंतीत बसवून घेतले. बाहेरून तारेची जाळी, आतून मोकळा गळा. त्यांना ते नाकं म्हणतात. घराची दहा नाकं.

"मानसाले दोन नाकपुड्या लागतात, घराले दहा," असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला समजावून सांगत. "खाली चूल हाये, न्हानी हाये, एवढे मानसं दम घेऊन राह्यले. ते सारं कोठून जाईन बाहीर?" हे सांगणाऱ्या माणसाचं स्वतःचं नाक बारा महिने चोंदलेलं असतं, हे मी इथे मुद्दाम नोंदवून ठेवते.

दिवाळीचा फराळ संपला की नाकं साफ करायचा दिवस यायचा. मामाजी शिडी लावून माळ्यावर चढत. तुऱ्हाटीच्या, म्हणजे तुरीच्या वाळक्या काडीला चिंधी बांधून एकेक गळा आतून पुसत. कोळिष्टकं, गांधीलमाश्यांचं मातीचं घर, वाळका पाला, सगळं खाली माझ्या नुकत्याच सारवलेल्या जमिनीवर. मग बाहेरून जाळ्या बघायच्या, गंजलेली बदलायची. शेवटी पुन्हा वर जाऊन प्रत्येक गळ्यासमोर प्रसाद घ्यावा तसा तळहात धरायचा आणि हवा लागली की म्हणायचं, "चालू हाये." दहा वेळा चालू हाये. म्हणजे थंडी सुरू होण्याच्या तोंडावर हा माणूस दहा ठिकाणांहून थंडी घरात नीट येते आहे याची खात्री करून घ्यायचा. मी खाली टोपी घालून उभी असायचे आणि माझ्या मनात जे यायचं ते सुनेने लिहू नये.

आता वांग्यांकडे यायला हवं, कारण सगळं रामायण त्यांच्यामुळेच झालं. आमच्याकडे एक घरचं वांगं आहे. हिरवं, लांबट, पोटावर पांढरे पट्टे, आणि भाजलं की साल एका ओढीत निघतं. या वांग्याच्या भरितासाठी हिवाळ्यात नातेवाईक आम्हाला आठवण काढून फोन करतात. मामाजी भरीत खाऊ घालायला एका पायावर तयार, पण बी कोणाला द्यायचे नाहीत. गावातल्या कितीतरी जणांनी मागितलं. एकाने तर भरीत खाताना दाण्यांची चिमूट खिशात घातली होती, भाजलेल्या वांग्याचं बी उगवत नाही हे माहीत असून. मामाजी हसत हसत विषय बदलायचे.

बियाण्यासाठी चांगल्या झाडावरची सात वांगी ते राखायचे. ती झाडावरच पिवळी होऊ द्यायची, मग देठाला सुतळी बांधून माळ्यावर तारेला टांगायची. नाकांमधून येणाऱ्या कोरड्या हवेत ती महिना-दोन महिने लटकत सुरकुतायची. मग फोडून बी काढायचं, राखेत चोळायचं, सावलीत वाळवायचं आणि डबीत भरायचं. नाकं मामाजींना एवढी प्रिय होती त्याचं निम्मं कारण ही वांगी होती. निम्मं कारण स्वभाव.

ज्या हिवाळ्याबद्दल मी सांगते आहे त्या वर्षी पावसाने वांग्याचं रोप वाहून नेलं होतं. दुसऱ्यांदा रोप टाकावं लागलं आणि डबीतलं जुनं बी तळापर्यंत संपलं. दिवाळीनंतर वांग्याचं वावर मोडून मामाजींनी त्यात हरभरा पेरला. म्हणजे त्या वांग्याचं जगात जे काही शिल्लक होतं, ते आमच्या माळ्यावर सुतळीला लटकत होतं. सात नग. हे मला माहीत होतं. मी अजाण होते असं म्हणायची सोय नाही.

मार्गशीर्षात मामाजी आठ दिवसांसाठी डोणगावला त्यांच्या बहिणीकडे गेले, भाच्याच्या लग्नाच्या तयारीला. त्यांची बस फाट्यावरून सुटली असेल नसेल, मी अंगणातून घरात आले तर माळ्याला शिडी लागलेली. शिडी धरून माझ्या सासूबाई उभ्या होत्या. त्यांना मी आत्याबाई म्हणते. कमी बोलणारी बाई.

"काय पाह्यतेस?" त्या म्हणाल्या. "चढ."

"कशाला?"

"पंचवीस वर्सं झाले मले त्या नाकांखाली झोपून. बुजव ते."

मला त्यांना मिठी मारावीशी वाटली. इतकी वर्षं मी समजत होते की घाटावरच्या माणसांना थंडी वाजतच नाही. आत्याबाईंना वाजत होती. त्यांनी फक्त कोणाला सांगितलं नव्हतं.

आम्ही दिवसभर बोळे केले. आत्याबाईंनी पेटीतून एक जुनं पांढरं कापड काढून दिलं, ते मी टराटरा फाडलं. त्यात जुन्या गादीतला कापूस भरला आणि वरून सुतळी आवळली. नारळाएवढे गुबगुबीत बोळे झाले. माळ्यावर रांगत जाऊन मी ते आतून एकेका गळ्यात घट्ट बसवले. बाहेर जाळी तशीच राहिली, त्यामुळे अंगणातून कोणाला काही कळायचं कारण नव्हतं. पूर्वेची पाच झाली, पश्चिमेची चार झाली. शेवटच्या गळ्यावरची जाळी कोपऱ्यात उचकटलेली होती आणि तिथून एक चिमणी रोज संध्याकाळी आत येऊन बसायची. गळ्याच्या कडेला तिने थोडं गवत आणून ठेवलं होतं. मी खाली वाकून विचारलं, "हिचं काय करू?"

"तिचं राहू दे," आत्याबाई म्हणाल्या. "तिले कोठी दुसरं घर हाये?"

म्हणून नऊ बोळे बसले आणि एक नाक चिमणीमुळे वाचलं.

ते चार-पाच दिवस मी विसरणार नाही. घर उबदार झालं. स्वयंपाकाची ऊब रात्रीही टिकायची. मी माकडटोपी काढून खुंटीला टांगली, तेव्हा माझे यजमान माझ्याकडे पाहत राहिले. ते बुलढाण्याला एका दुकानात कामाला आहेत, सकाळी जातात, अंधार पडल्यावर येतात. छपरातलं त्यांना काही कळत नाही आणि कळून घ्यायचीही हौस नाही. "आज थंडी कमी हाये," एवढंच ते म्हणाले. आत्याबाईंनी आणि मी एकमेकींकडे पाहिलं नाही.

पाचव्या सकाळी आम्ही दोघी चुलीपाशी चहा पीत होतो. माझ्या कपात वरून टप्पकन एक थेंब पडला.

"पाल असंन," आत्याबाई म्हणाल्या.

मी चहा ओतून दिला आणि दुसरा केला. त्यातही थेंब पडला. मग भाकरीच्या पिठात पडला, मग आत्याबाईंच्या भांगात. एवढ्या पाली आमच्याकडे नव्हत्या. अंगणात येऊन पाहिलं तर आभाळ धुऊन पुसल्यासारखं निळं, ढगाचा ठिपका नाही. पावसाळ्यात ज्या छपरातून थेंब आला नव्हता, ते कोरड्या मार्गशीर्षात गळत होतं. आम्ही ठिकठिकाणी पातेली मांडली. उन्हं वर आली की गळणं थांबायचं, दुसऱ्या सकाळी पुन्हा सुरू. शेजारणीने विचारलं, "पातेले काऊन मांडले वं?" मी म्हटलं, घासायला काढलेत.

बोळ्यांचा आणि या पाण्याचा काही संबंध असेल, हे आम्हा दोघींपैकी एकीच्याही डोक्यात आलं नाही. पाणी वरून पडतं आणि बोळे बाजूच्या भिंतीत आहेत, असा आमचा सरळ हिशोब होता.

मामाजी परत आले, त्यांनी पातेली पाहिली आणि पिशवी खाली न ठेवता वर पाहिलं. "खिळ्यांचे वायसर गेले," त्यांनी निदान केलं. नाकांवर त्यांचा संशय जाणं शक्यच नव्हतं. ती त्यांनी स्वतः साफ केली होती, प्रत्येकासमोर हात धरून पाहिली होती. दुसऱ्या दिवशी ते डांबराचा डबा आणि काठीला बांधलेलं फडकं घेऊन छपरावर चढले. त्या वयाचा माणूस टिनांवर गुडघ्यांनी रांगत एकेका खिळ्याला डांबर लावतो आहे, आणि खाली मी शिडी धरून उभी आहे, असे आमचे तीन दिवस गेले. छपराला काळी देवी येऊन गेल्यासारखं दिसू लागलं. चौथ्या सकाळी पाणी त्याच उत्साहाने गळलं.

बुलढाण्याहून टिनं बसवणारा मिस्त्री आला. त्याने खालूनच काठीने दोन ठिकाणी ठोकून पाहिलं आणि सगळी टिनं बदलायला सांगितली. मामाजींनी त्याला चहा पाजून वाटेला लावलं. मग ओट्यावर बसून गुडघ्यांना तेल चोळता चोळता ते एकदम थांबले.

"वांगे," ते म्हणाले. "सूनबाई, वर जाऊन वांगे पाह्यून ये. माह्यानं आता शिडी चढनं होत नाई."

मी चढले. माळ्यावर डोकं काढलं आणि मला पहिल्यांदा वास आला, ओल्या गोणपाटाचा. बॅटरी लावली. टिनाच्या आतल्या बाजूला सगळीकडे थेंब लटकत होते. खिळ्यांजवळ नाही, मधल्या सपाट भागात, जिथे भोक असायचं काही कारणच नाही तिथे. भाताच्या पातेल्यावरचं झाकण उचलल्यावर आतून जसं दिसतं, तसंच. मी रोज दोन वेळा ते झाकण उचलते. रोज त्याचं पाणी हातावर घेते. आणि मला पंधरा दिवसांत ते सुचलं नव्हतं. चुलीची वाफ, न्हाणीतल्या गरम पाण्याची वाफ, आम्हा सगळ्यांचे श्वास, सगळं फळ्यांच्या फटींतून वर येत होतं. बाहेर जायला वाट नव्हती म्हणून थंडगार टिनाला लागून त्याचं पाणी होत होतं. छप्पर गळत नव्हतं. आमचंच घर आमच्या अंगावर पडत होतं.

तारेवरची वांगी मी एकेक करून पाहिली. पहिल्याला हात लावला तर बोट आत गेलं. दुसऱ्यावर काळी लव आली होती. सहा वांगी अशी गेली होती. सातवं तारेच्या पश्चिमेच्या टोकाला होतं, चिमणीच्या गळ्याच्या अगदी समोर. त्याच्या वरचं टिन कोरडं होतं. वांगंही कोरडं होतं, चांगलं सुरकुतलेलं, पिवळट तपकिरी. मी त्याला हात लावला नाही. मला एकदम रडू आलं, आणि त्याच वेळी चिमणीचे आभार मानावेसे वाटले. अशा अवस्थेत मी माळ्यावर चारी पायांवर बसले होते. मग नऊच्या नऊ बोळे उपसले, घमेल्यात टाकले, वरून गोणपाट झाकलं, आणि ते तिथेच कोपऱ्यात सरकवून सहा नासकी वांगी पदरात घेऊन खाली आले.

मामाजींनी ती हातात घेऊन पाहिली. सातवं चांगलं आहे असं मी सांगितलं, तेव्हा मान हलवली. एका वांग्यात किती बी निघेल आणि त्यातलं किती उगवेल, याचा काही भरवसा नव्हता. ओल त्यालाही आतून लागली असेल तर संपलंच.

दुसऱ्या सकाळी घर कोरडं होतं. तिसऱ्या सकाळीही. मला पुन्हा टोपी घालावी लागली. मामाजींना वाटलं, डांबर आता कुठे मुरलं. आत्याबाईंना मी मागच्या दारी नेऊन सगळं सांगितलं होतं.

"सांगायला पाहिजे त्यांना," मी म्हटलं.

"सांग न मंग."

"तुम्ही सांगा. तुम्हीच तर शिडी धरली."

"म्या धरली. चढली कोन?" आत्याबाई म्हणाल्या. "आन् तू सांगशीन त घाटाखालची म्हनून सोडून देतीन. मले काय म्हनून सोडतीन?"

खरं सांगायचं तर आम्ही दोघींनीही गप्प राहायचं ठरवलं होतं. घर कोरडं झालं होतं. मामाजी डांबरावर खूश होतील, वर्षभरात विसरतील, असं आम्ही धरून चाललो होतो.

पण मामाजी खूश नव्हते. एका सकाळी ते ओट्यावरून माझ्या यजमानांना म्हणाले, "पैलेच डांबर लावलं असतं त वांगे वाचले असते. मले दिसलंच नाई. नजर गेली माही. आता छपराचं मी पाह्यत नाई बाप्पा. तुमी स्लॅबच टाकून घ्या."

स्लॅबला ते आयुष्यभर नावं ठेवत आले होते. बिनानाकाचं घर म्हणायचे. यजमान कामाच्या घाईत "पाहू" म्हणून निघून गेले. मामाजी रिकाम्या अंगणाकडे पाहत बसले. मी पोळ्या लाटत होते, तिथून मला त्यांची पाठ दिसत होती. त्या पाठीला मी आधी कधी म्हातारी म्हटलं नव्हतं. मला स्वतःची लाज वाटली. तवा उतरवला, माळ्यावर गेले, घमेलं खाली आणलं आणि त्यांच्यासमोर ठेवून गोणपाट काढलं.

"हे काय हाये?"

"नाकात होते," मी म्हटलं. "मी बसवले होते. थंडी वाजत होती म्हणून. तुमची नजर गेली नाही, मामाजी. वांगी माझ्यामुळे गेली."

त्यांनी बोळे मोजले. "नऊच?"

"दहाव्यात चिमणी होती."

मग त्यांनी एक बोळा उचलून त्याचा काठ बोटांनी चाचपला. काठाला लाल किनार होती.

"हे माहं धोतर हाये," ते म्हणाले.

दारात उभ्या असलेल्या आत्याबाईंनी तेवढ्यात पहिल्यांदा तोंड उघडलं. "फाटलेलं होतं."

"नाई, फाटलेलं नवतं. हे माह्या लग्नातलं हाये."

आत्याबाई म्हणाल्या, "मंग माह्याही लग्नातलंच झालं." आणि आत निघून गेल्या. तेव्हा मामाजींना कळलं की गुन्ह्यात एकच आरोपी नाही.

त्यानंतर दोन दिवस मामाजी आम्हा दोघींशी बोलले नाहीत. जे काही सांगायचं ते ते दारातल्या म्हशीला सांगत, आम्ही ऐकू एवढ्या आवाजात. "चहात साखर जास्त झाली आज," म्हशीला सांगितलं जायचं. मी ऐकून दुसऱ्या दिवशी कमी घालायचे. स्लॅबचा विषय मात्र पुन्हा निघाला नाही. तिसऱ्या दिवशी ते स्वतः शिडी चढून माळ्यावर गेले, आणि खालून मी दहा वेळा ऐकलं, चालू हाये.

महिनाभराने ते सातवं वांगं त्यांनी खाली काढलं. परातीत फोडलं, बी वेगळं केलं, राखेत चोळलं, सावलीत वाळवलं. मूठभरही भरलं नाही. मग त्यातले वीस दाणे मोजून घेतले आणि ओल्या फडक्यात गुंडाळून सुतळीने पुरचुंडी बांधली. उगवतं की नाही ते पाहायची आमच्याकडची ही रीत. थंडीच्या दिवसांत ती पुरचुंडी उबेला ठेवावी लागते, कोणी चुलीजवळ ठेवतं, कोणी कडब्याच्या गंजीत. मामाजींनी ती माझ्यासमोर धरली.

"हे घे. उबेची हौस तुलेच हाये," ते म्हणाले. "ठेव आंगाजवळ."

मी ती पुरचुंडी स्वेटरच्या आतल्या खिशात ठेवली. पुढचे नऊ-दहा दिवस ती तिथेच होती. स्वयंपाक करताना, धुणं धुताना, झोपताना. रोज सकाळी थोडं कोमट पाणी शिंपडून परत आत. कुशीवर वळायची सोय नव्हती. थंड, ओली पुरचुंडी पोटाला लावून घेऊन फिरणं ही थंडी वाजणाऱ्या बाईसाठी काय शिक्षा आहे, ते मामाजींना बरोबर ठाऊक होतं. मी एका शब्दाने कुरकुर केली नाही. मला ते बी उगवून हवं होतं. माहेरच्या देवालाही मी सांगून ठेवलं होतं, घाटावरच्या देवांवर माझा तेवढा भरवसा नव्हता.

दहाव्या दिवशी मामाजींनी ओट्यावर उन्हात फडकं उलगडलं. आत्याबाई हातातलं सूप ठेवून आल्या. दाण्यांमधून पांढरे कोंब बाहेर आले होते, बारीक, वाकडे. तीन दाणे सोडले तर सगळ्यांना. मामाजींनी दोनदा मोजले. मग फडकं हलकेच मिटलं.

"चालू हाये," ते म्हणाले. मी आत जाऊन परातीतल्या पिठात थोडी रडले. आत्याबाई म्हणाल्या, मीठ आता घालू नको.

पुढच्या हिवाळ्यात त्यांनी सात नव्हे, वीस वांगी राखली. बी निघाल्यावर दहा पुड्या बांधल्या. एक घरात ठेवली आणि नऊ वाटल्या. ज्यांना इतकी वर्षं हसून टोलवलं होतं त्यांच्या दारी स्वतः जाऊन दिल्या. खिशात भाजलेले दाणे घालणाऱ्याला सगळ्यात आधी. एक पुडी माझ्या हातात ठेवून म्हणाले, "हे खाली ने. तुह्या बापाले दे. एकाच घरात ठेवलं, हे माही चूक झाली." आता जळगाव जामोदला माझे वडील ते वांगं पिकवतात आणि आमच्याकडे जास्त गोड निघतं असं मामाजींना फोन करून सांगतात. मामाजी फोन ठेवल्यावर म्हणतात, घाटाखालचे लोक.

नाकं त्या वर्षीपासून माझ्याकडे आली. दिवाळीचा फराळ संपला की मी काडीला चिंधी बांधते. चिमणीच्या गळ्यावरची जाळी कोपऱ्यात मुद्दाम उचकटलेलीच ठेवते. हवा हाताला लागली की "चालू हाये" म्हणते, नाहीतर खालून विचारणा होते.

गेल्या हिवाळ्याची गोष्ट. मामाजी आता शिडीजवळही जात नाहीत. त्यांची खाट पूर्वेच्या भिंतीला असते. एका संध्याकाळी मी त्यांना गोधडी द्यायला गेले तर ते वर पाहत होते.

"सूनबाई," ते म्हणाले, "लय थंडी वाजते वं आता. हे माह्या डोक्यावरलं एकच नाक बुजवतेस काय? एकच."

ज्या माणसाने आयुष्यभर दहा नाकं उघडी ठेवली, तो माझ्याकडे एकाची परवानगी मागत होता. बोळा करायला मला पाच मिनिटं लागली असती. मी वर पाहिलं. फळ्यांच्या फटींतून तारेवरची वांगी दिसत होती, पिवळी, सुतळीला लटकलेली.

"वांगी टांगलेली हायेत, मामाजी," मी म्हटलं.

"हाव," ते म्हणाले. "ते त हाये." आणि गोधडी ओढून घेतली.

मी यजमानांना हाक मारून खाट उचलायला लावली आणि चुलीच्या भिंतीला नेऊन ठेवली. मग माझ्या डोक्यावरची माकडटोपी काढून त्यांच्या डोक्यावर घातली, कानाखाली नीट ओढून दिली. इतक्या वर्षांत त्या टोपीला त्यांनी किती नावं ठेवली असतील. त्यांनी ती काढली नाही. डोळे मिटून पडून राहिले, आणि मला वाटलं झोपले, तेवढ्यात टोपीतून आवाज आला.

"पाह्यतच होतो मी, तू काय म्हनतेस ते."

ते खरंच पाहत होते की त्यांना खरंच थंडी वाजत होती, मला अजून कळलेलं नाही. त्या रात्री मी डोक्याला पदर गुंडाळून झोपले, आणि दहाही नाकांमधून थंडी नीट येत होती.